बिअरला दर वेळी डेटॉलसारखा वास येतोय? बादली बदलायच्या आधी नळाचं पाणी बघा

बायकोने पहिला घोट घेतला, ग्लास परत नाकाशी नेला आणि विचारलं, "अरे, ग्लास धुताना डेटॉल वापरलंस का?" डेटॉल आमच्या घरात नव्हतंच. मी पण वास घेतला आणि खरंच, लहानपणी गुडघा फुटला की आई कापसाने लावायची तोच वास. वर हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) छान संत्र्यासारखा वास, आणि गिळलं की घशात मागे दवाखाना. ही मी घरी बनवलेल्या बिअरची पहिली बॅच, सप्टेंबरमधली, ५ गॅलन म्हणजे साधारण १९ लिटर, सगळी सिंकमध्ये ओतली.

त्यानंतर दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या बॅचला परत तोच वास आला. चौथीला मात्र आला नाही, आणि त्या चौथ्या बॅचनेच मला सगळ्यात जास्त फसवलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रॉब्लेम नवीन लोकांना वारंवार येतो, बरेच जण दोन-तीन बॅच ओतून देऊन किट विकून टाकतात, आणि उपाय खरं तर काही सेंटांचा आहे.

आधी एक गोष्ट. मी टेक्सासमध्ये राहतो. अमेरिकेत घरी बिअर बनवायला १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने परवानगी मिळाली, घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००, आणि विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं हा गुन्हा आहे, त्यामुळे तिकडचे मित्र "रेसिपी पाठव" म्हणतात त्यांना मी नाहीच म्हणतो.

आता माझी पद्धत सांगतो, म्हणजे चूक कुठे होती ते कळेल. साधी पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, धान्य भिजवायची भानगड नाही, माल्ट एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा काकवीसारखा दाट पाक येतो तो. अडीच गॅलन पाणी उकळायचं, गॅस बंद करून त्यात एक्स्ट्रॅक्ट ढवळायचं, परत उकळी, हॉप्स घालून तासभर, मग गार करून फर्मेंटर बादलीत, म्हणजे आंबवायच्या बादलीत, ओतायचं आणि वरून उरलेलं अडीच गॅलन गार पाणी टाकून पाच गॅलन करायचं. मग यीस्ट. हे वरचं पाणी मी आदल्या रात्रीच पंधरा मिनिटं उकळून झाकून ठेवायचो. आमच्याकडे सांगलीला पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आई तुरटी फिरवायची, गाळायची, उकळायची, आणि उकळलेलं पाणी म्हणजे निर्धोक पाणी हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पाण्यावर माझा संशय गेलाच नाही. जंतूंच्या बाबतीत आई बरोबरच होती, इथे मामला जंतूंचा नव्हता.

पहिल्या बॅचला मी बादली ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक केली होती, त्यामुळे वास आल्यावर वाटलं की ब्लीच नीट धुतलं गेलं नाही. हा संशय रास्त होता, ब्लीच राहिलं तर अगदी हाच वास येतो. म्हणून दुसऱ्या बॅचला स्टार सॅन नावाचं सॅनिटायझर आणलं, ५ गॅलन पाण्याला ३० मिली, फेस आला तरी धुवायचं नाही, ब्लीच घराबाहेर. वास तसाच.

तिसऱ्या वेळी तापमानावर संशय घेतला. आमच्या हॉलमध्ये २५-२६ अंश असतं आणि आंबताना आतलं तापमान त्याहून दोन-तीन अंश वर जातं, आणि मी वापरतो त्या यीस्टची बिअर १८ ते २० मध्ये सगळ्यात स्वच्छ होते. मग बादली पाण्याच्या टबात ठेवली, वरून जुना ओला टी-शर्ट घातला आणि टेबलफॅन लावला, माठ जसा गार होतो तसंच हे. २० अंशांवर आलं. बिअर आधीपेक्षा खूपच छान झाली, ती जळजळीत दारूची चव गेली, पण डेटॉल जागच्या जागी. उलट बाकी चवी साफ झाल्यामुळे तो आणखी उठून दिसायला लागला.

मग राहिला इन्फेक्शनचा मुद्दा. जंगली यीस्टने पण औषधासारखा, लवंगेसारखा, धुरकट वास येतो, आणि प्लॅस्टिकच्या बादलीला आत ओरखडे पडले की त्यात हे जंतू बसतात आणि कितीही धुवा जात नाहीत, हे सगळीकडे सांगितलं जातं आणि ते खरंच आहे. म्हणून मार्चमध्ये सगळं नवीन घेतलं, बादली, सायफन, नळ्या, बाटलीत भरायची कांडी, एअरलॉकसकट (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), आणि चौथी बॅच केली. तीन आठवड्यांनी बाटली उघडली तर बिअर स्वच्छ! माल्टचा गोडवा, हॉप्सचा कडवटपणा, बाकी काही नाही. मी त्या दिवशी इतका खूश होतो की मंडळातल्या चार मित्रांना बोलावून बाटल्या दिल्या आणि सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं की दोष बादलीचा होता.

मेमध्ये त्याच नव्या बादलीत पाचवी बॅच केली. तीच रेसिपी, तेच यीस्ट, तोच टब. आणि पहिल्याच घोटाला डेटॉल परत हजर.

खरं सांगायचं तर तेव्हा सोडून द्यायचं ठरवलं होतं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मार्चमध्ये, म्हणजे चौथी बॅच केली त्याच महिन्यात, आमच्या नळाच्या पाण्याला स्विमिंग पूलसारखा भपकारा यायचा, अंघोळ करताना डोळे चुरचुरायचे. म्हणजे ज्या महिन्यात पाण्याला क्लोरीनचा वास सगळ्यात जास्त त्याच महिन्यातली बिअर चांगली, आणि जेव्हा पाणी बिनवासाचं तेव्हाची खराब. हे उलटंच होतं ना. मी ते आमच्या कॉलनीतल्या एका काकांना सांगितलं, त्यांच्याकडे माशांच्या दोन मोठ्या टाक्या आहेत, आणि ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "अहो, मार्चमध्ये ते लोक क्लोरामाइन बंद करून साधं क्लोरीन सोडतात. मला पत्रक येतं. माशांचं पाणी बदलताना मला हे बघावंच लागतं."

इथे सगळं उलगडलं.

आपल्याकडे गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, ते साधं मोकळं क्लोरीन. त्याचा वास येतो, पण ते टिकत नाही, भांड्यात रात्रभर उघडं ठेवलं तर बरंचसं उडून जातं, उकळलं तर काही मिनिटांत जातं. इथे बऱ्याच शहरांत मात्र क्लोरीनमध्ये थोडा अमोनिया मिसळून क्लोरामाइन करतात. मैलोन्‌मैल पाइपात ते टिकून राहतं आणि क्लोरीनमुळे जे नको ते उपपदार्थ बनतात ते पण कमी बनतात, म्हणून. पिण्यासाठी यात काही वाईट नाही, अमेरिकेत दोन्हीची मर्यादा लिटरला ४ मिलिग्रॅम ठरलेली आहे. पण क्लोरामाइनला वास जवळजवळ नाही, रात्रभर ठेवून ते जात नाही, आणि पंधरा मिनिटं उकळून तर त्यातलं बरंचसं तसंच राहतं. टेक्सासमधल्या काही पाणी कंपन्या वर्षातून एकदा, साधारण वसंत ऋतूत महिनाभर, पाइपातले अमोनियावर जगणारे बॅक्टेरिया साफ करायला अमोनिया बंद करून नुसतं क्लोरीन सोडतात. तोच माझा मार्च. पाण्याला भपकारा होता, पण मी आदल्या रात्री उकळून ठेवलं तेव्हाच ते क्लोरीन उडून गेलं, आणि पातेल्यातलं पाणी पण एक्स्ट्रॅक्ट घालायच्या आधीच उकळलेलं होतं. बाकी वर्षभर माझी तीच मेहनत फुकट, कारण पाण्यात क्लोरामाइन.

आणि डेटॉलच का? माल्टमध्ये आणि हॉप्समध्ये फिनॉल जातीची द्रव्यं असतात, थोडी यीस्ट पण बनवतं. क्लोरीन किंवा क्लोरामाइन त्यांना भेटलं की क्लोरोफिनॉल बनतात, आणि नाकाला ते अब्जात काही भाग इतके कमी असले तरी कळतात. डेटॉलमधलं मुख्य औषध आहे क्लोरोझायलेनॉल, ते पण क्लोरीन जोडलेलं फिनॉलच. म्हणजे बायकोने पहिल्याच घोटाला अगदी अचूक निदान केलं होतं, मला ते कळायला आठ महिने गेले. इथले लोक ह्या वासाला बँडेजचा किंवा प्लॅस्टिकचा वास म्हणतात, म्हणून इंग्रजीत शोधताना तसं शोधलंत तर सापडेल.

काकांनी त्यांच्याकडच्या टेस्ट स्ट्रिप दिल्या. माशांच्या दुकानात मिळतात, फक्त घेताना फ्री क्लोरीन आणि टोटल क्लोरीन असे दोन वेगळे चौकोन असलेली पट्टी घ्या, नुसता एक चौकोन असेल तर उपयोग नाही. नळाखाली ग्लास भरला, पट्टी बुडवली, आणि ओट्यावर ठेवून दोघं बघत बसलो. फ्रीचा चौकोन जवळजवळ कोराच राहिला. टोटलचा हळूहळू रंगला, २ आणि ४ च्या मध्ये कुठेतरी. ह्या दोघांतला फरक म्हणजे क्लोरामाइन. मग मी त्याच पाण्याचं पंधरा मिनिटं उकळून गार केलेलं पातेलं तपासलं, टोटलचा चौकोन फिका झाला पण रंग होताच. मग एका भांड्यात पाणी घेऊन कॅम्पडेन गोळीचा चिमूटभर चुरा ढवळला, पाच मिनिटांनी पट्टी घातली, दोन्ही चौकोन कोरे.

कॅम्पडेन म्हणजे पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइटच्या गोळ्या, वाइन बनवणारे वापरतात, होमब्रूच्या कुठल्याही दुकानात शंभराची बाटली काही डॉलरला मिळते. एक गोळी २० गॅलन म्हणजे ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणजे आपल्या ५ गॅलनला पाव गोळी. पाव गोळी अचूक तोडणं जमत नाही म्हणून मी अर्धी घालतो, त्याने बिअरला काही होत नाही. गोळी टणक असते, अख्खी टाकली तर विरघळायला वेळ लागतो, मी वेलदोडे कुटायच्या छोट्या खलबत्त्यात कुटतो, आता तो खलबत्ता वेगळाच ठेवलाय. कुटताना तोंड जवळ नेऊ नका, आगकाडी पेटवल्यावर येतो तसा झणका येतो, दमा असेल किंवा सल्फाइटची ॲलर्जी असेल तर हे काम दुसऱ्याला द्या किंवा खाली लिहिलेला आरओ पाण्याचा मार्ग घ्या. पाण्यात ढवळून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं की झालं. एवढ्या कमी प्रमाणात मागे जे उरतं ते थोडं सल्फेट, थोडं क्लोराइड, आणि नाममात्र अमोनियम जे यीस्ट खाऊन टाकतं.

महत्त्वाचं काय तर ही गोळी पाण्यात घालायची, माल्ट पडायच्या आधी. आणि सगळ्या पाण्यात. उकळायच्या पातेल्यातल्या, वरून घालायच्या, यीस्ट भिजवायच्या, प्रायमिंगची (बाटलीत फेस यावा म्हणून घालायची) साखर विरघळवायच्या, सगळ्या. बरेच जण पातेल्यातल्या पाण्यात घालतात आणि वरचं अडीच गॅलन सरळ नळाखालून घेतात, आणि मग म्हणतात गोळीचा फायदा झाला नाही. एकदा क्लोरोफिनॉल तयार झाले की नंतर गोळी टाकून काही होत नाही, हे नीट लक्षात ठेवा.

तरीसुद्धा मला परत फसायचं नव्हतं, कारण मार्चमध्ये मी एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या आणि त्यातल्या एकीला श्रेय देऊन मोकळा झालो, खरं कारण तर सहावंच होतं. म्हणून ह्या वेळी एक-एक गॅलनच्या दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकाच डब्यातलं एक्स्ट्रॅक्ट, मोजून तेवढेच हॉप्स, एकाच पाकिटातलं यीस्ट काट्यावर अर्धं-अर्धं, दोन्ही बरण्या एकाच टबात शेजारी-शेजारी. फरक एवढाच की एकीचं पाणी नळाचं उकळून गार केलेलं, नेहमीसारखं, आणि दुसरीचं गोळी घातलेलं. दोन्हींची सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबत जाते तशी ती खाली येते) १.०४८, दोन आठवड्यांनी दोन्ही १.०११ ला येऊन थांबल्या. वरून बघून काही फरक नाही, रंग तोच, फेसाचं कडं तेवढंच.

बाटल्यांत भरून आणखी दोन आठवडे ठेवलं आणि मग एका रविवारी दुपारी दोन सारखे ग्लास भरले, खाली चिकटपट्टीवर खूण केली, आणि बायकोला काही न सांगता पुढे केले. बिअर थोडी कोमट होऊ दिली होती मुद्दाम, फार गार असली की नाकाला कमी कळतं. तिने डावा ग्लास हुंगला, काही बोलली नाही. उजवा हुंगला, लगेच मान मागे घेतली आणि म्हणाली, "हा. हाच तो." परत डावा उचलून घोट घेतला आणि म्हणाली, "आणि हा तू मार्चमध्ये केली होतीस तसला आहे." मी ग्लास उचलून खालची खूण बघितली. उजवा नळाच्या पाण्याचा होता.

तेव्हापासून सात बॅच झाल्या, एकीलाही वास नाही. आणि हो, तिसऱ्या बॅचची जुनी बादली मी माळ्यावर टाकली होती ती खाली काढून त्यातच दोन केल्या, त्या पण उत्तम झाल्या.

आता तुम्हाला हाच त्रास असेल तर आधी तोच वास आहे का बघा, कारण प्रत्येक खराब वासाचं कारण पाणी नसतं. लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे डायअसेटिल, यीस्टला आणखी दोन-तीन दिवस दिले की बहुतेक वेळा जातो. हिरव्या सफरचंदासारखा आला तर बिअर कच्ची आहे, थांबा. ओल्या पुठ्ठ्यासारखा म्हणजे भरताना हवा लागली. व्हिनेगरसारखा आंबट म्हणजे जंतू. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीला ऊन लागलं तर एक घाण कुबट वास येतो, इथे त्याला स्कंकचा वास म्हणतात. आणि गव्हाची जर्मन पद्धतीची बिअर केली असेल तर लवंगेचा वास यायलाच हवा, तो यीस्टचा गुण आहे, त्याला घाबरून कुणी बॅच ओतू नका.

खरी गल्लत होते ती क्लोरोफिनॉल आणि जंगली यीस्ट ह्या दोघांत. मी असं ओळखतो: क्लोरोफिनॉलचा वास पहिल्या दिवसापासून असतो, सगळ्या बाटल्यांत सारखा असतो आणि महिन्याने पण तेवढाच असतो. जंगली यीस्टचा वास दिवसेंदिवस वाढतो, बाटली उघडली की फेस कारंज्यासारखा उडतो, आणि ग्रॅव्हिटी अपेक्षेपेक्षा खाली गेलेली असते. कारंजं उडत असेल तर बाकीच्या बाटल्या ताबडतोब फ्रिजमध्ये टाका, काच फुटू शकते.

पाण्यात काय आहे हे कळायला अमेरिकेत पाणी कंपनीचा वार्षिक गुणवत्ता अहवाल असतो, त्यात जंतुनाशकाच्या ओळीत क्लोरीन लिहिलंय का क्लोरामाइन ते बघा, किंवा सरळ फोन करा, फोनवर नीट सांगतात. माशांचे टँक असलेला कुणी ओळखीचा असेल तर त्याला विचारा, तो सगळ्यात लवकर सांगेल.

फिल्टरबद्दल बरेच जण विचारतात. फ्रिजमधला जग असतो तसल्या छोट्या फिल्टरवर क्लोरामाइनसाठी विसंबू नका, कार्बन पुरेसा हवा आणि पाणी त्यातून अगदी हळू जायला हवं, मोठ्या कार्बन ब्लॉकने होतं पण घाईने नळ पूर्ण सोडला की परत तेच. गोळीच नको असेल तर आरओचं पाणी आणा, आमच्याकडे ग्रोसरीच्या बाहेर मशीन असतं, गॅलनचे कॅन भरून घेता येतात. एक्स्ट्रॅक्टच्या बिअरला हे पाणी मस्त चालतं कारण खनिजं एक्स्ट्रॅक्टमध्ये आधीच असतात. धान्य भिजवून करणाऱ्यांना मात्र नुसतं आरओ पुरत नाही, थोडं जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालावं लागतं.

गोळी सगळ्या पाण्यात घालूनही वास आलाच तर मग घरात ब्लीच कुठे वापरलं जातंय ते शोधा, बाटल्या कुणी ब्लीचच्या पाण्यात भिजवल्या होत्या का, सिंक घासायचा स्पंज बादलीला लागतोय का. आयोडीनचं सॅनिटायझर वापरत असाल तर मोजून वापरा, अंदाजाने ओतलं तर त्याचा पण औषधी वास उतरतो. हे सगळं बघून झालं आणि तरीही वास आला, तरच नळ्या बदला आणि शेवटी बादली.

आणि जी बॅच आधीच बिघडलीय तिच्यासाठी वाट बघू नका, हा वास मुरून जात नाही. मी दुसऱ्या बॅचच्या सहा बाटल्या पाच महिने ठेवल्या होत्या, उघडल्या तेव्हा हॉप्सचा वास गेला होता आणि डेटॉल तेवढाच होता.